व्हिडिओ गाजला, फोन थांबेनात: आता काय करू?

वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगली भागातून गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांत एक विषय सारखा डोकावतो. गावातल्या पोराने यंत्र बनवले, कुणी त्याचा व्हिडिओ टाकला, आठ दिवसांत घराचा रस्ता लोकांनी पाठ केला आणि घरातल्यांची झोप उडाली. अशी सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला. वय २२, आयटीआय फिटर. भांगलणीला माणूस मिळेना म्हणून बॅटरीवरचं सायकल कोळपं केलं. पास, म्हणजे तण कापणारं पातं, दगडाला किंवा मुळीला अडली की आपोआप वर उचलते आणि पुढे गेल्यावर परत खाली बसते. चुलतभावानं व्हिडिओ टाकला आणि तो लाखो लोकांनी बघितला. रोज दोन-अडीचशे फोन येतात. ४१ जणांनी न विचारता दोन-दोन हजार रुपये पाठवलेत. एक जण ३० दिवसांत पेटंट काढून देतो म्हणतो. हातातलं काम बंद पडलंय. आधी काय करू?

उत्तर : आधी फोन. तुमचा नंबर आता गावोगाव फिरतो आहे, तो परत येणार नाही. त्यामुळे घरच्यांसाठी आणि कामासाठी नवे सिम घ्या. जुना नंबर साध्या फोनमध्ये टाकून चुलतभावाकडे द्या, व्हिडिओ त्यानेच टाकला आहे. तो फोन संध्याकाळी ७ ते ८ एवढाच चालू राहील. व्हॉट्सॲपला आपोआप जाणारे चार ओळींचे उत्तर लावा: यंत्र अजून चाचणीत आहे, विक्री सुरू नाही, पैसे पाठवू नका, नाव-गाव-पीक-दोन ओळींतले अंतर लिहून ठेवा. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. २०० जणांची अशी वही झाली की सोयाबीनवाले किती, हळदवाले किती, दीड फुटाच्या ओळी कुणाच्या आणि अडीच फुटाच्या कुणाच्या हे तुम्हाला घरबसल्या कळेल. प्रसिद्धीतून हाती लागणारा पक्का माल एवढाच, आणि तो पंधरा दिवसांत गोळा केला नाही तर पुन्हा मिळत नाही.

दुसरे काम त्या ८२ हजारांचे. हे पैसे तुमचे नाहीत. यादी करा, ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर परत पाठवा आणि पाठवल्याची पावती त्या माणसाला टाका. 'ठेवा हो, नंतर यंत्र द्या' असे कितीही जण म्हणाले तरी ठेवू नका. आगाऊ रक्कम घेतली की तारखेची बांधिलकी येते. तारीख हुकली की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार होऊ शकते. त्याहून वाईट हे की उसनवारीच्या घाईत यंत्र अर्धे-कच्चे बाहेर पडते. आज जो तुम्हाला शास्त्रज्ञ म्हणतो, तोच तीन महिन्यांनी कॉमेंटमध्ये फसवणूक लिहितो.

आता पेटंट. आपल्याकडे नवेपण मोजले जाते ते अर्जाच्या तारखेला. अर्जाआधी जे जगासमोर आले ते सहसा हातचे गेले, भले ते शोधकाने स्वतः दाखवलेले असो. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर वर्षभराची मुभा असते, भारतात अशी सरसकट सवलत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल तर १२ महिन्यांची सूट मिळते. चुलतभावाचा व्हिडिओ त्यात बसत नाही.

म्हणून आज रात्री तो व्हिडिओ वही-पेन घेऊन बघा. दर पाच सेकंदांना थांबवा आणि काय दिसते ते मिनिट-सेकंदासह लिहा: सांगाडा, साखळी, मोटर, बॅटरीची पेटी, रुमणे. मग उचलणारी कळ. ती पत्र्याच्या झाकणाखाली आहे का? पास उचलली जाते एवढेच दिसते, की कशामुळे उचलली जाते तेही दिसते? खिळीचा बिंदू, स्प्रिंगची जागा, पुन्हा खाली बसवणारा खटका यांतले काही दिसत नसेल तर तो भाग अजून तुमच्या हातात आहे. कॉमेंटसुद्धा वाचा. 'आत मोटरसायकलची शॉकअपची स्प्रिंग आहे' असे उत्तर भावाने कुठे दिले असेल तर तेही उघड झाले असे धरा. व्हिडिओ काढून टाकल्याने गेलेले नवेपण परत येत नाही, पण यापुढे झाकण उघडून कुणालाही दाखवू नका. पाहुण्यालाही नको, नेत्यालाही नको, वार्ताहरालाही नको.

स्पष्टच सांगायचे तर बॅटरीवरचे सायकल कोळपे या कल्पनेला पेटंट मिळणे अवघड आहे. तशी कोळपी बाजारात आहेत, आणि माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र जोडणे हे पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ प्रमाणे शोध ठरत नाही. तुमचा जीव त्या कळीत आहे. अर्ज तिच्यापुरता करा.

मार्ग असा. तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करायचा, म्हणजे फॉर्म १ आणि फॉर्म २. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन शुल्क ₹१,६००, कागदावर दिला तर ₹१,७५०. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाकडे जातात. चित्रे हाताने काढलेली चालतात, पण रेष स्वच्छ हवी: पास खाली असतानाचे बाजूचे दृश्य, पास उचललेली असतानाचे दृश्य, आणि कळीचे मोठे करून काढलेले चित्र. प्रत्येक भागाला आकडा द्या आणि मजकुरात त्याच आकड्याने त्याचे काम सांगा. इथे एक चूक नेहमी होते. मुले फक्त स्वतः बनवलेला नमुना लिहितात. स्प्रिंगऐवजी रबर, वजन किंवा गॅसचा दट्ट्या वापरून तेच काम होत असेल तर तेही लिहा, नाहीतर शेजारचा रबर लावून मोकळा होईल.

या अर्जाने तारीख मिळते, पेटंट नाही. पुढच्या १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही तर अर्ज बाद होतो. पूर्ण तपशिलातले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ती वाक्ये, मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटकडून लिहून घ्या, तिथे पैसे वाचवू नयेत. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. तिचे शुल्क ₹४,००० आणि मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मंजूर झाले तर संरक्षण अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. एवढे टप्पे पाहिल्यावर ३० दिवसांत पेटंट म्हणणारा काय विकतो ते कळेल. बहुधा ती डिझाइन नोंदणी असते. तिने वस्तूचे बाह्यरूप राखले जाते, आतली कळ नाही. उद्यम नोंदणी, कॉपीराइट, किंवा स्वतःच्याच पत्त्यावर केलेले रजिस्टर पोस्ट यांपैकी एकही कागद पेटंटची जागा घेत नाही.

खर्च झेपत नसेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडे, म्हणजे एनआयएफकडे, माहिती पाठवा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आधाराने २००० साली उभी राहिलेली ही संस्था औपचारिक पाठबळ नसलेल्या ग्रामीण शोधकांसाठीच आहे आणि निवडलेल्या शोधांचे पेटंट अर्ज स्वतः करते. आणि फलकावर 'पेटंटेड' लिहू नका. न मिळालेले पेटंट मिरवणे दंडनीय आहे. अर्ज झाल्यावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' एवढे लिहिता येते.

प्रश्न : कऱ्हाड तालुका. माझं पहिलं बॅटरी कोळपं दोन हंगाम बिनतक्रार चाललं. बातमी आल्यावर तिघांना बनवून दिली. मोटर तीच, २४ व्होल्ट २५० वॅटची गिअरची, साखळी तीच. फक्त पहिल्याला भंगारातलं १२ इंची चाक होतं, नव्यांना दिसायला बरं म्हणून सायकलचं २० इंची लावलं. दोघांच्या मोटरमधून धूर आला, तिसऱ्याचा कंट्रोलर गेला. लोक म्हणतात पहिलं यंत्र नशिबानं चाललं.

उत्तर : नशिबाचा संबंध नाही, चाकाचा आहे. हिशेब मांडू.

या मोटरच्या गिअरमधून मिनिटाला साधारण ३०० फेरे येतात. पुढे ९ दात्यांवरून ४४ दात्यांवर साखळी गेली की चाकाला ६१ फेरे उरतात. १२ इंची चाकाचा घेर ९६ सेंमी, म्हणजे मिनिटाला ५८ ते ५९ मीटर, ताशी साडेतीन किलोमीटर. माणसाच्या चालीला हे जुळते. २० इंची चाकाचा घेर १६० सेंमी. तेच ६१ फेरे आता ताशी पावणेसहा किलोमीटर पळवू बघतात. शक्ती २५० वॅटच राहिली, म्हणून ओढ घटली. कागदावर १२ इंचीला सुमारे २६ किलोची ओढ मिळते, २० इंचीला १६ ची. साखळी, बेअरिंग आणि चाकाचे घसरणे यांत तिसरा हिस्सा गेला असे धरा. हाती उरते पहिल्यात १७-१८ किलो आणि दुसऱ्यात १० ते ११.

आता जमिनीला किती लागते? सहा इंची पास इंच-सव्वा इंच खोल चालली तर वाफशावरच्या मध्यम जमिनीत १५ ते २० किलो सहज लागते. कृष्णाकाठची काळी जमीन वाफसा जाऊन आवळली तर याहून बरीच जास्त. पहिले यंत्र काठावर पास झाले होते, नवी तिन्ही पहिल्या तासापासून नापास होती. शेतकरी मागून रेटतो, चाक मंदावते, मोटर जवळजवळ जागेवर उभी राहते. फिरत्या मोटरला १३ अँपिअर पुरतात, अडकलेली मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. ते अँपिअर फेऱ्यांत जात नाहीत, उष्णतेत जातात. धूर तिथला.

तिन्ही यंत्रे परत बोलवा आणि १२ इंची चाके बसवा. मोठे चाक हवेच असेल तर मध्ये साखळीचा आणखी एक टप्पा घालून फेरे ३५ ते ३७ वर आणा. चाकाला आडवे लोखंडी दात हवेत, नाहीतर ओढ असूनही चाक जागेवर घासते.

पुढे यंत्र कुणाच्याही हाती देण्याआधी दोन मोजमापे घ्या. पहिले ओढीचे. ५० किलोचा स्प्रिंगचा ताणकाटा घ्या, कोळप्याला दोरीने बांधा, साखळी काढून ठेवा आणि एका माणसाने सरळ ओढायचे. दुसऱ्याने रुमणे धरून पास नेहमीच्या खोलीवर ठेवायची. २० पावलांत पाच वेळा काटा वाचा. हे घेणाऱ्याच्या रानात करा, तुमच्या नको. आकडा १७ च्या वर गेला तर सहाऐवजी चार इंची पास द्या. ओढ पासच्या रुंदीबरोबर घटते. दुसरे मोजमाप अँपिअरचे, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने. चाक उचलून फिरवताना २-३ अँपिअर, रानात १० ते १३. सतत १५ च्या वर राहत असेल तर यंत्र थांबवा. मीटर नसेल तर मोटरच्या अंगाला तळवा लावून चार आकडे मोजा. हात टिकला नाही तर मोटर धोक्यात आहे.

बॅटरीच्या धन टोकालगत २० अँपिअरचा फ्यूज घाला. कंट्रोलर विद्युतप्रवाहाला मर्यादा घालणारा घ्या, नुसते बटण नको. वायर ४ चौरस मिमीची, आणि टोके पिळून टेप गुंडाळलेली नकोत, दाबून बसवलेल्या लग, म्हणजे धातूच्या टोप्या, हव्यात. बांधावर बंद पडणाऱ्या यंत्रांत मोटरपेक्षा सैल सांधेच जास्त सापडतात.

एका चार्जिंगवर दिवसभर, असे व्हिडिओत कुणी म्हटले असेल तर ते आजच दुरुस्त करा. १२ व्होल्ट १२ अँपिअर-तासाच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या जोडल्या तर पाटीवर २८८ वॅट-तास दिसतात. पण १३ अँपिअर ओढताना त्यातले साठेक टक्केच हाती येतात, म्हणजे अर्धा तास किंवा थोडे जास्त. ४५ सेंमीच्या ओळीत ताशी ३ किलोमीटरने, वळणांचा वेळ धरून तासाला १० गुंठे होतात. म्हणून एका चार्जिंगला ५ ते ६ गुंठे. तेवढ्याच आकड्याची लिथियम फॉस्फेट बॅटरी ८-९ गुंठे नेते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते, किंमत मात्र जास्त. '५ ते ६ गुंठे' हे ऐकायला छोटे वाटते. पण हळदीच्या १२ गुंठ्यांसाठी यंत्र घेणाऱ्याला हा आकडा पुरेसा असतो आणि तो खरा निघाला की तोच माणूस पुढची चार गिऱ्हाइके आणतो.

आणि एक. पहिले यंत्र भंगारातून जमवले की प्रत्येक भोक त्या एका यंत्रापुरते असते. पाचवे करण्याआधी दीड फूट बाय तीन फुटांच्या जाड पत्र्यावर बोल्टचे खुंट उभे करून साचा बनवा. सांगाड्याचे तुकडे त्यात बसवूनच वेल्डिंग करायचे. मोटरच्या पाट्याला गोल भोक न पाडता ८ मिमी रुंद, २५ मिमी लांब खाच ठेवा, म्हणजे साखळीचा ढिलेपणा १०-१२ मिमीवर आणता येतो. दोन्ही दातेरी चक्रांना सरळपट्टी लावून ती एका रेषेत आहेत का ते बघा. तीन मिमीचा फरकसुद्धा साखळी उतरवतो. प्रत्येक यंत्रावर क्रमांक ठोका आणि वहीत त्या क्रमांकापुढे मोटर, चाक, दाते लिहा. ही वही पहिल्या दिवसापासून असती तर चाक बदलल्याचे तुम्हालाच आधी दिसले असते.

प्रश्न : खटाव तालुक्यातून लिहिते. मुलगा नववीत आहे. विहिरीतलं पाणी संपलं की मोटर बंद करणारं साधन त्यानं केलं. पेपरात फोटो आला, सत्कार झाले. आता एक जण ₹२१,००० देतो, सगळे हक्क द्या म्हणतो आणि मुलाची सही मागतो. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत किती जणांनी बघितलं तेच बघतो. आकडा कमी झाला की जेवत नाही.

उत्तर : ताई, सही करू नका आणि करू देऊ नका. १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार मुळातच रद्दबातल असतो. हे त्या माणसालाही माहीत असणार, म्हणून तो लवकरच तुमची, पालकांची सही मागेल. 'सर्व', 'कायमस्वरूपी', 'अनन्य' असे शब्द कागदावर असतील तर पुढे मुलगा स्वतःचे साधन स्वतः विकू शकणार नाही. ₹५०० च्या मुद्रांकावर लिहिल्याने करार न्याय्य होत नाही. देणेघेणे करायचेच तर वर्षभरापुरते, दुसऱ्यालाही देता येईल असे, आणि प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम, असे लिहून घ्या. तेही वकिलाने वाचल्यावर. आज घाई कशाचीच नाही. रक्कम ठेवून घ्या, कागद नंतर करू, असे म्हणाला तरी घेऊ नका.

शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. केंद्राची इन्स्पायर-मानक योजना शाळेमार्फतच चालते, निवड झाली तर नमुना बनवायला ₹१०,००० थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. एनआयएफचे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे इग्नाइट पुरस्कारही बारावीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. दोन्हीकडे आईवडिलांना एक रुपया भरावा लागत नाही. 'पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणीचे पंधरा हजार भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा.

एक गोष्ट आजपासून बंद. चित्रीकरणाला येणारे लोक मुलाला स्टार्टर उघडून दाखव म्हणतात. विहिरीच्या तीन फेजच्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट असतात. मुलाने साधनाची कमी व्होल्टची बाजूच दाखवायची, स्टार्टरची जोडणी परवानाधारक वायरमनने करायची आणि दाखवताना मेन स्विच पाडलेला हवा.

रात्रीचे बघणे हे त्याला रागावून सुटणार नाही. व्हिडिओचे आकडे कसे चालतात ते त्याला शेजारी बसवून सांगा: पहिल्या आठवड्यात चढ, मग उतार, हे चांगल्या-वाईट सगळ्याच व्हिडिओंचे होते. त्यात त्याच्या साधनाबद्दल कुणाचा निकाल नसतो. खाते काही दिवस मोठ्या भावाकडे किंवा मामाकडे द्या, फोन रात्री ९ नंतर आईच्या उशाशी. सत्कार महिन्यातून एक, तोही रविवारी. शाल-श्रीफळ घेताना तोंडावर नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून तारीख देतानाच सांगा की परीक्षा झाल्यावर या. आणि त्याला पुढचे काम द्या. कोरड्या विहिरीत साधनाने मोटर किती सेकंदांत बंद केली, हे महिनाभर रोज लिहायचे. जेवण-झोप पंधरा दिवसांत रुळावर आली नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येते, रात्रीही.

प्रश्न : आमच्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिराला त्याच्या घरच्या जीपच्या बदल्यात बोलेरो मिळाली. माझ्या पुतण्यानंही चारचाकी बनवली आहे. रस्त्यावर चालवून व्हिडिओ टाकावा का?

उत्तर : व्हिडिओ टाका, पण रस्त्यावरचा नको. देवराष्ट्रेची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये बोलेरो बनवणाऱ्या महिंद्रा समूहाचे आनंद महिंद्रा यांनी त्या कारागिराचे मनापासून कौतुक केले आणि त्याच वेळी हेही लिहिले की गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या प्रशासन ती थांबवेल. बोलेरो त्यासाठीच देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. मोटार वाहन कायदा, १९८८ खाली रस्त्यावरच्या वाहनाच्या नमुन्याला मान्यता लागते. त्यासाठीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत होते आणि एकट्या माणसाच्या आवाक्यातली नसते. मान्यता नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून विमा नाही. कुणाला धक्का लागला तर भरपाई थेट पुतण्याच्या सात-बाऱ्यावर येईल. स्वतःच्या रानात, लहान मुले न बसवता, ब्रेक आधी तपासून चालवा. रस्त्यावर काही न्यायचेच असेल तर २५० वॅटपेक्षा कमी मोटरची, पायडल मारले तरच जोर देणारी आणि ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद होणारी सायकल बनवावी. ती मोटार वाहनात धरत नाहीत.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आले धुण्याचं यंत्र मी बनवलं, वेल्डिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये केलं. बातमी आल्यावर कॉलेज म्हणतं अर्ज आमच्या नावानं होईल.

उत्तर : फॉर्म १ वर दोन वेगळे रकाने असतात, शोधक आणि अर्जदार. शोधक म्हणून तुमचे नाव यायलाच हवे. त्या जागी विभागप्रमुखांचे नाव केवळ पद म्हणून घालता येत नाही. अर्जदार कोण, हे कॉलेजचे बौद्धिक संपदा धोरण आणि प्रवेशावेळी तुम्ही सही केलेला कागद यांवर ठरते. दोन्ही मागून घ्या. कॉलेज अर्जदार झाले तर तोटाच असे नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे आणि एजंटचा खर्चही बहुधा तेच करतात. मात्र उत्पन्नातला तुमचा हिस्सा टक्क्यांत, लेखी, अर्जाआधी ठरवा. आणि स्नेहसंमेलनात किंवा प्रकल्प स्पर्धेत यंत्र मांडायचे असेल तर अर्ज त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत झालेला हवा.

प्रश्न : पलूस तालुका. माझी दहा यंत्रं तयार आहेत, चाचणी झाली. अथणी आणि विजापूरकडून मागणी आहे. गावात मात्र 'हे चायनाचं आहे, पोरगं फेकतंय' असं बोलतात. किंमत कशी ठरवू, आणि या बोलण्याचं काय करू?

उत्तर : सीमेपलीकडचे गिऱ्हाईक सांगलीला जवळचे वाटते, पण जीएसटीत ते दुसरे राज्य आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाला ₹४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. करपात्र माल कर्नाटकात विकायचा तर पहिल्याच यंत्राला लागते. तेव्हा पहिली दहा यंत्रे पलूस-तासगाव-वाळव्यात द्या. बिघाड झाला तर मोटरसायकलवर तासात पोचता येईल अशा अंतरात.

किंमत काढताना सुटे भाग आणि मजुरी धरून लोक थांबतात. त्यात वाया गेलेले लोखंड, वीज, शेडचे भाडे, वाहतूक आणि वर्षभरात फुकट दुरुस्त कराव्या लागणाऱ्या यंत्रांचा खर्च मिळवा. दहातले एक पूर्ण परत येईल असे धरून किंमत काढलीत तर पुढे रडावे लागत नाही. भांडवलासाठी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. ग्रामीण भागात प्रकल्प किमतीच्या २५ टक्के, विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान असते. बँक मात्र दरपत्रके आणि विक्रीची वही मागते. सरकारी अनुदानावर यंत्र विकायचे असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. तो नसताना 'अनुदानपात्र' असे जाहिरातीत छापू नका.

गावातल्या बोलण्याला कॉमेंटमध्ये उत्तर देऊ नका. तुमच्याच तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराबद्दलही लोखंडाने जमीन नासते असे लोक म्हणत आणि नांगर पडून राहत. मोटर कुठल्या देशाची आहे हे विचारले तर खरे सांगा: मोटर विकत आणलेली आहे, सांगाडा आणि पास माझी आहे. मग जो सगळ्यात जास्त बोलतो त्याच्याच रानात, त्याचीच दोन पाती निवडून, एक पात हाताने भांगला आणि एक यंत्राने कोळपा. किती मिनिटे लागली आणि किती रोपे कापली गेली, दोन्ही मोजा. रोपे कापली जाण्याचा आकडा लपवू नका. तो पहिल्यांदा शंभरात आठ-दहा निघेल. पासच्या दोन्ही टोकांना दीड इंच उंचीच्या उभ्या पट्ट्या लावल्या की माती रोपावर जात नाही आणि पास ओळीपासून किती लांब ठेवायची ते नजरेला दिसते. त्या लावून पुढच्या आठवड्यात त्याच रानात पुन्हा मोजा.